१९६९ : ऐकलेले साल

एखाद्या सालाच्या आठवणी जागविणाऱ्या लेखनाला १९६९ हे साल फार मानवते. चंद्रावरचे पाऊल, ‘आराधना’तील राजेश खन्ना, १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण, १३ जूनला झालेले आचार्य अत्रे यांचे निधन, एवढी सामग्री हाताशी असली की लेख जणू आपोआप सिद्ध होतो. अशा लेखांचा गोडवा आम्हांस अमान्य नाही. आमचा आक्षेप आहे तो त्यांतील स्मृतीच्या सैलपणाला.

चांद्रविजय आपण ‘पाहिला’, असे पुष्कळजण लिहून जातात. वस्तुतः त्या काळी भारतात दूरचित्रवाणी केवळ दिल्लीत होती. मुंबई केंद्र सुरू झाले ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी. २१ जुलै १९६९ च्या सकाळी, आपल्या घड्याळाप्रमाणे साडेआठच्या सुमारास, आर्मस्ट्राँगने पाऊल टाकले. ती वार्ता माकुणसारच्या वाड्यांत यायची तर आकाशवाणीवरून, नाहीतर दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातून. पुढे कधीतरी पाहिलेली चित्रे आपण त्या सकाळीला चिकटविली, इतकेच. चित्रपटगीतांचेही तसेच. बुधवारच्या ‘बिनाका गीतमाले’तून, अमीन सयानींच्या आवाजात, रेडिओ सिलोन ती घरोघर पोहोचवीत असे. ते साल मुख्यत्वे कानांनी अनुभवलेले होते. डोळ्यांची भाषा वापरून लेखक त्याचा खरा पोतच घालवून बसतात.

याहून गंभीर उणीव निराळी आहे. त्याच वर्षी, आमच्याच पालघर तालुक्यात, तारापूर येथे देशातील पहिले अणुवीज केंद्र कार्यान्वित झाले. प्रत्येकी २१० मेगावॅटच्या दोन अणुभट्ट्यांची ती वीज महाराष्ट्र व गुजरात या राज्यांसाठी होती. पुढे केंद्राचा विस्तार झाला तेव्हा पोफरण व अक्करपट्टी ही गावे उठली. आमच्या किनाऱ्याचे जीवन इतके पालटविणाऱ्या या घटनेला आठवणींच्या लेखांत क्वचितच जागा मिळते. तिला चाल नव्हती, नायक नव्हता. गुणगुणता येईल तेवढेच स्मरणात ठेवायचे, हा या लेखनप्रकाराचा अलिखित दंडक झाला आहे.

ज्यांनी ते साल तरुणपणी ऐकले, ते आज ऐंशीच्या घरात आहेत. आमच्या नव्या लेखकांनी त्यांच्यापाशी बसावे. गाणी तर विचारावीतच. पण तारापूरची बातमी प्रथम कोणी सांगितली आणि ती ऐकून घरात काय बोलणे झाले, हेही विचारून लिहून ठेवावे. हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही.