घरातील विमानतळ आणि नकाशातून निसटलेले देऊळ

ग्रंथ, नाटक, संगीत यांची परीक्षणे वाचकांच्या परिचयाची आहेत. आज आम्ही ज्या कृतीचे परीक्षण करण्यास बसलो आहो ती यांपैकी कशातच मोडत नाही. ती आहे एका विमानतळाची प्रतिकृती. दगडमातीची नव्हे, तर संगणकाच्या पडद्यावरची. घरी बसून विमान चालविण्याचा जो खेळ, किंवा हवे तर अभ्यास म्हणा, 'फ्लाइट सिम्युलेटर' या नावाने रूढ आहे, त्यात मूळ खेळाबरोबर सारी पृथ्वी मिळते खरी; पण ती ढोबळ. एखादा विमानतळ ज्यास बारकाव्यांसह हवा, त्याने त्याची 'सीनरी' निराळी मिळवून मूळ खेळास जोडावयाची असते. कोणी ती हौसेने रचून फुकट देतो, कोणी तिचे मोल घेतो.

आम्ही राहतो धार जिल्ह्यातील सरदारपुरास. मही नदीच्या काठचे, एके काळी माळवा भिल्ल पलटणीची छावणी असलेले हे गाव. विमान येथे दिसते ते आकाशात. त्यात बसावयाचे तर इंदूर गाठावे लागते. परंतु आमच्या पुतण्याच्या अभ्यासिकेतून रोज एखादे विमान उडते. आमच्या मातोश्रींनी आता ऐंशी ओलांडली आहे. गुडघ्यांमुळे गोव्यास कुलदेवाच्या दर्शनाला जाणे त्यांना जमत नाही. गेल्या श्रावणात पुतण्या म्हणाला, "आजी, चल, तुला विमानाने मंगेशीला नेतो." त्यासाठी त्याने दाभोळीच्या दोन सीनरी मिळविल्या, एक फुकट आणि एक विकत. कर्त्यांची नावे आम्ही देत नाही. आमचा वाद व्यक्तींशी नाही, प्रमाणाशी आहे.

न्यायालयात कागद पुढे आला की तीन प्रश्न विचारण्याची आम्हांस सवय आहे. हा कोणाच्या पाहण्यावरून लिहिला? कोणत्या दिवशीची स्थिती सांगतो? आणि ज्या कामासाठी पुढे केला त्यास पुरेसा आहे काय? सीनरीलाही हेच तीन प्रश्न लागू पडतात असे आमचे मत झाले आहे.

शेवटचा प्रश्न आधी घेऊ. दाभोळी हा पठारावरचा विमानतळ आहे. पोर्तुगीज अमदानीत 1955 मध्ये तो वापरात आला. 1961 च्या डिसेंबरात भारतीय वायुदलाने त्याच्या धावपट्टीवर बाँब टाकले. आणि गोवामुक्तीनंतर, 1962 पासून, तो नौदलाच्या ताब्यात आहे. 08 आणि 26 अशा दिशांकांची त्याची धावपट्टी सुमारे साडेतीन किलोमीटर लांब. पश्चिमेस समुद्र, उत्तरेस झुआरीचे मुख, आणि पठार संपताच उतरती भूमी. या भूमीचा चढउतार हाच या विमानतळाचा स्वभाव होय. जुन्या सिम्युलेटरांत विमानतळाची सारी जागा एकाच पातळीची धरावी लागे. त्यामुळे पठारावरचा विमानतळ चौरंगावर ठेवल्यासारखा दिसे. विकतच्या सीनरीत नेमका हाच दोष उरला आहे. 2013 मध्ये खुल्या झालेल्या नव्या टर्मिनलच्या काचा तिने इतक्या सुंदर चमकविल्या आहेत की पाहात राहावे. पण धावपट्टीच्या टोकाशी मात्र भिंतीसारखा तुटलेला कडा. फुकटच्या सीनरीतील टर्मिनल म्हणजे एक ओबडधोबड खोके आहे. पण तिची भूमी खरी आहे. उतरणाऱ्या वैमानिकाची दृष्टी धावपट्टीवर असते, काचांवर नव्हे. म्हणून या प्रश्नावर आमचा कौल फुकटच्या सीनरीस आहे.

पहिल्या प्रश्नावर कर्त्यांच्या बाजूनेही बोलले पाहिजे. नौदलाच्या तळावर छायाचित्रे घेणे म्हणजे कायद्याशी गाठ. 1937 च्या विमान नियमांतील तेराव्या नियमाने सरकारी विमानतळावरील छायाचित्रणावर पूर्वीच बंधन घातलेले आहे. तेव्हा कर्त्याने उपग्रहचित्रे आणि प्रवाशांच्या आठवणी यांवर भिस्त ठेवली, तर त्यास दोष देता येत नाही. दोष आहे तो दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात. विकतच्या सीनरीत जेट एअरवेजची विमाने ओळीने उभी आहेत. ती कंपनी 2019 च्या एप्रिलात बंद पडली. जुने दाखविणे हा अपराध नव्हे. शिकागोचा मेग्ज फील्ड हा विमानतळ 2003 मध्ये एका रात्रीत उखडण्यात आला; मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरात पूर्वी आरंभीचे उड्डाण तेथूनच होई, आणि हौशी लोक आजही पडद्यावर तेथे उतरतात. अशी सीनरी हा इतिहासाचा दस्तऐवज ठरतो. पण दस्तऐवजावर तारीख हवी. जी तारीख सांगत नाही, ती जुनी स्थिती आजची म्हणून खपविते.

आता मूळ प्रसंगाकडे वळू. पुतण्याने पूर्वेकडे उड्डाण केले. थोड्याच वेळात खाली झुआरीकाठचे कुठ्ठाळ आले. आमच्या वाचकांस सांगावयास नको की हीच ती कुशस्थळी, श्रीमंगेशाचे मूळ स्थान. जवळच केळोशी, श्रीशांतादुर्गेचे. 1560 च्या सुमारास पूर्वजांनी रातोरात देव हलविले आणि नदीपलीकडे, त्या वेळी पोर्तुगीज अमलाबाहेर असलेल्या अंत्रुज महालात नेले. ज्या वाटेने ते जीव मुठीत धरून गेले, ती आकाशवाट मातोश्रींनी खुर्चीत बसून काही मिनिटांत ओलांडली. त्या हात जोडून बसल्या होत्या. प्रियोळ आले. पुतण्याने विमान खाली घेतले, एक घिरटी घातली, दुसरी घातली. माड होते, रस्ता होता, आणि देवळाच्या जागी दोन मजली घरांची एक रांग. सात मजली दीपस्तंभ नाही, तळी नाही.

"देवूळ खंय रे?" मातोश्रींनी विचारले. कोणी काही बोलले नाही.

हा दोष दाभोळीच्या सीनरीचा नव्हे; तिची हद्द कुंपणाशी संपते. खालची घरे मूळ खेळाने आपल्या अंदाजाने रचलेली. उपग्रहचित्रात छप्पर दिसले की यंत्र तेथे ठरावीक साच्याची इमारत उभी करते. 2020 साली मायक्रोसॉफ्टच्या नव्या सिम्युलेटरात बकिंगहॅम राजवाड्याच्या जागी कचेरीवजा इमारत उभी होती. आणि मेलबर्नच्या एका उपनगरात 212 मजल्यांचा सुळका उगवला होता, कारण 'ओपन स्ट्रीट मॅप' या लोकांनीच भरावयाच्या नकाशात कोणाच्या हातून 2 ऐवजी 212 असा आकडा पडला होता. आम्हां वकिलांस लेखनिकाच्या चुकीचे परिणाम ठाऊक आहेत. पण ती एवढी उंच गेलेली आम्ही प्रथमच ऐकली.

हसण्याजोगी ही गोष्ट. पण तीतच उपायही आहे. यंत्राने देऊळ हेतुतः पुसले नाही. त्यास कोणी सांगितलेच नाही. राजवाड्याची उणीव भरून निघाली, कारण बोलणारे पुष्कळ होते. विमानतळास हौशी कर्ते मिळतात, कारण तेथे उतरणारे पुष्कळ आहेत. आमच्या देवस्थानांसाठी साक्ष देणार कोण? जो नकाशा मेलबर्नच्या कोणा अनामिकाने बिघडविला, तोच फोंड्याचा एखादा विद्यार्थी सुधारू शकतो. देवळाची जागा, दीपस्तंभाची उंची, तळीची बाजू हे सारे अंगणातून दिसते. गर्भगृह पडद्यावर आणू नये, आणण्याचे कारणही नाही. आकाशातून पाहणाऱ्याला दीपस्तंभ पुरतो. आकडा मात्र मोजून लिहावा. खोटी साक्ष मौनापेक्षा वाईट.

आमचा निकाल असा : फुकटची सीनरी घ्यावी, विकतची, तिच्या कर्त्याने भूमी सुधारून तारीख लिहिल्यावर घ्यावी. पडद्यावरचे दर्शन हे दर्शन नव्हे, हे मातोश्री आमच्यापेक्षा अधिक जाणतात. तरी परवा त्यांनी पुतण्यास पुन्हा हाक मारली. "कुठ्ठाळपर्यंत ने," त्या म्हणाल्या, "तेथून पुढची वाट मला पाठ आहे."