बेथानीचा दरवळ

योहानाच्या शुभवर्तमानातला अकरावा अध्याय लाजराच्या आजारपणाने सुरू होतो. पण त्याच्या गावाची, बेथानीची, ओळख करून दिली आहे ती मरीया आणि तिची बहीण मार्था यांचं गाव म्हणून. त्या काळच्या लेखनात गाव दोन बायकांवरून ओळखलं जावं, हे विरळाच. त्यांचा भाऊ लाजर मरतो, चौथ्या दिवशी कबरेतून बाहेर येतो, तरी अख्ख्या शुभवर्तमानात त्याच्या तोंडी एक शब्द नाही. बोलतात त्या बहिणी.

जैतुनाच्या डोंगराच्या पूर्व उतारावरचं हे खेडं. ऐन दुःखाच्या प्रसंगात योहान मध्येच अंतर सांगतो: यरुशलेमपासून पंधरा स्टेडिया, म्हणजे सुमारे पावणेतीन किलोमीटर. वरवर कारण साधं आहे. गाव जवळ म्हणून शहरातली माणसं समाचाराला आली. पण त्याच शहराच्या आसपास येशूला दगडमार होता होता राहिला होता आणि शिष्य धास्तावलेले होते. जी वाट सांत्वन करणाऱ्यांना घेऊन येते, तिच्यावरूनच लाजर उठल्याची खबर परुशी या यहुदी धर्मपंथाच्या लोकांपर्यंत पोहोचते आणि न्यायसभा येशूच्या मृत्यूचा निर्णय करते. लेखकाने तो आकडा उगाच दिलेला नाही.

दोघी बहिणी येशूला वेगवेगळ्या भेटतात, पण गाऱ्हाणं एकच मांडतात: तुम्ही इथे असता तर आमचा भाऊ गेला नसता. मार्थेला तो पुनरुत्थानाविषयी सांगतो. मरीया पायांशी कोसळते, तेव्हा मात्र उपदेश नाही; थोड्याच वेळात तो स्वतःच रडतो. तक्रार तीच, उत्तरं दोन. व्यक्तिचित्रण करावं तर असं.

मग कबरेवरची धोंड. ती सारायची वेळ येते तेव्हा मार्था अगदी घरच्या बाईसारखं बोलते: चार दिवस झालेत, आता वास येत असेल. चमत्काराच्या तोंडावर असलं वाक्य गाळायचा मोह दुसऱ्या एखाद्या लेखकाला झाला असता. योहानाने ते ठेवलं, आणि बाराव्या अध्यायात त्याचं मोल कळतं. त्याच बेथानीत जेवण आहे. मार्था वाढते आहे, लाजर पंक्तीला आहे. मरीया येशूच्या पायांना जटामांसीचं तेल लावून ते केसांनी पुसते आणि सगळं घर दरवळतं. जटामांसी ही मुळात हिमालयात वाढणारी वनस्पती. तेलाची किंमत तीनशे दीनार, मजुराची जवळजवळ वर्षाची कमाई. येशूचा शिष्य यहूदा या खर्चावर कुरकुरतो. येशू मात्र हे तेल आपल्या दफनाशी जोडतो. म्हणजे मेलेल्याच्या दुर्गंधीतून माणूस जिवंत निघाला, आणि जिवंत माणसाभोवतीचा सुगंध मरणाचा आहे.

मार्कने हाच प्रसंग बेथानीतच, पण कुष्ठरोगी शिमोनाच्या घरी घडवला आहे. तिथे तेल मस्तकावर ओतलं जातं, आणि जिची आठवण जगभर सांगितली जाईल असं येशू म्हणतो, तिचं नावच मार्क देत नाही! मला योहानाची मांडणी सरस वाटते, कारण तिच्यात दोन्ही गंध एकाच घराशी बांधलेले आहेत.

बेथानी इतर शुभवर्तमानांत आणखीही भेटते. आयुष्याच्या अखेरच्या आठवड्यात येशू दिवसा यरुशलेमच्या मंदिरात जातो आणि मुक्कामाला बेथानीत येतो, असं मत्तय आणि मार्क सांगतात. लूकच्या मते त्याचं स्वर्गारोहणही याच गावाजवळ झालं.

पुन्हा योहानाकडे वळू. बायबलमधली आजची अध्यायांची विभागणी तेराव्या शतकातली आहे. योहानाच्या लिखाणात अकराव्या आणि बाराव्या अध्यायांमध्ये रेघ नव्हती. तेव्हा हे दोन अध्याय वेगवेगळ्या दिवशी वाचू नका, एका बैठकीत वाचा.