पाषाणाचे वय आणि शब्दांची शिस्त

सातारा-सांगलीची भूमी आपण काळ्या कातळाची म्हणून ओळखतो. परंतु हा कातळ अवघा सुमारे ६.६ कोटी वर्षांचा आहे. त्याच्या तळाशी काय आहे, हे कोयना-वारणा परिसरातील खोल वेधनांमुळे प्रत्यक्ष हाती आले. रासाटी येथे सुमारे ९३३ मीटरांवर, तर २०१७ मध्ये तीन किलोमीटरपर्यंत नेलेल्या गोठणे येथील छिद्रात सुमारे १२४७ मीटरांवर ग्रॅनाइट व पट्टिताश्म लागले. त्यांचे वय सुमारे २७० कोटी वर्षे ठरविले जाते, आणि धारवाडच्या प्राचीन भूखंडाचाच हा उत्तरेकडील विस्तार होय, असे प्रतिपादन केले जाते. प्रस्तुत लेखकाचा विषय भाषाशास्त्र. मोजणीविषयी वाद घालण्याचा अधिकार त्यास नाही. परंतु ‘वय’, ‘उत्पत्ती’ आणि ‘स्थैर्य’ हे शब्द एकमेकांच्या जागी योजले जातात, त्याची चिकित्सा मात्र केली पाहिजे.

प्रथम वय. झिर्कॉनचा स्फटिक घडताना युरेनियमला थारा देतो, शिशाला जवळजवळ देत नाही; म्हणून पुढे त्यात आढळणारे शिसे बहुतांशी युरेनियमच्या क्षयाचेच फळ ठरते. युरेनियम-२३८ निम्मे होण्यास सुमारे ४४७ कोटी वर्षे लागतात, आणि भूगर्भातील उष्णतेने वा दाबाने ही गती बदलत नाही. मूळ शब्दांच्या ऱ्हासावरून भाषांचे वय काढण्याचा स्वॉडेश यांचा प्रयत्न फसला, कारण शब्दांना अशी अढळ गती नाही. तथापि हे घड्याळ स्फटिकाचे आहे, खडकाचे नव्हे. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, तिचे एकनाथकृत शुद्धीकरण शके १५०६ चे. एकाच शब्दरूपावरून पोथीचा काळ ठरविणारा जसा चकेल, तसाच जुन्या खडकातून न विरघळता उरलेला गाभा, अथवा रूपांतराच्या वेळी चढलेले कवच मोजून ग्रॅनाइटचा जन्मकाळ सांगणाराही चकेल.

उत्पत्तीचा प्रश्न याहून निसरडा आहे. पीअर्स, हॅरिस व टिंडल यांनी १९८४ मध्ये रुबिडियम, इट्रियम, नायोबियम यांच्या प्रमाणांवरून ग्रॅनाइटांचे भूपट्टीय वर्गीकरण मांडले. त्याचा पाया ज्ञात परिस्थितीत घडलेल्या, तुलनेने तरुण ग्रॅनाइटांचा आहे. शिवाय रासायनिक घटना मुख्यतः वितळलेल्या मूळ द्रव्याची ओळख सांगते. ते कोणत्या हालचालीमुळे वितळले, हे ती नेहमीच सांगत नाही. वाक्यात फारसी शब्द आला म्हणून बोलणारा फारसी ठरत नाही. म्हणून आलेखातील एका बिंदूवरून २७० कोटी वर्षांपूर्वीचा भूपट्टसंगम सिद्ध झाला, असे म्हणणे अतिव्याप्त होय. क्षेत्रीय रचना व समस्थानिके यांची साक्ष त्यास हवीच.

सर्वांत घातक घोटाळा स्थैर्याचा. ‘ढालक्षेत्र’ हे रूपक प्राचीनतेला अचलतेचा अर्थ चिकटविते. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेस ६.३ प्रतीचा भूकंप झाला, तो या रूपकाला न जुमानता. ग्रॅनाइट कधी गोठला हे वय सांगते. त्यातील भेगा आज कोणता ताण वाहतात, हे नव्हे. या परिसरात आजही भूकंप होत असता हा भेद राखणे केवळ व्याकरणाचा आग्रह नव्हे. धरणाखालच्या वस्त्यांना आपण काय सांगतो, हे या शब्दांच्या शिस्तीवर अवलंबून आहे.