आवाज कमी केल्यावर काय उरतं?

आजचा विषय ऐकून काहींना हसू आलं असेल. भंडाऱ्यात बसून सत्तरी ओलांडलेला तत्त्वज्ञानाचा मास्तर रॉक बँडवर काय बोलणार? पण आमचा प्रश्न जुनाच आहे. एखाद्या वस्तूचा ठळक गुण काढून घेतला, तर ती वस्तू तीच राहते का?

उदाहरण मुंबईचं घेऊ. १९८४ मध्ये तिथे ‘रॉक मशीन’ नावाचा बँड उभा राहिला. इंग्रजीत स्वतःची गाणी, विजेच्या गिटारी, दणदणीत ड्रम. १९९३ मध्ये त्यांनी ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतलं आणि १९९७ मध्ये मंडळी पांगली. पुढे काही वर्षांनी गायक उदय बेनेगल आणि गिटारवादक महेश तिनईकर यांनी ‘व्हर्लिंग कलापाज’ या नावाने साध्या, लाकडी गिटारींवर गाणं सुरू केलं. ज्यांची ओळखच गडगडाटाने झाली होती, ते हळू आवाजात गाऊ लागले.

अशा वेळी आपण चटकन म्हणतो, “परिपक्व झाले.” हा शेरा आम्हाला मान्य नाही. आमच्या वयात हळू आवाज आवडतोच, कारण कान थकलेले असतात. थकलेल्या कानांची आवड म्हणजे सौंदर्याचा निर्णय नव्हे, हे आधी स्वतःला बजावलं पाहिजे.

मग फरक कशात आहे? विजेच्या गिटारीचा सूर लांबवता येतो आणि दोन शब्दांमधली जागा भरून निघते. ड्रमच्या आवाजात गायकाचा तुटलेला श्वास झाकला जातो. लाकडी गिटारीचा सूर मात्र लवकर विरतो. जागा रिकामी राहते आणि त्या रिकाम्या जागेत कच्ची ओळ उघडी पडते. म्हणून हळू वाजवणं ही गाण्याची परीक्षा आहे. पास होण्याची हमी तिच्यात नाही.

‘कलाप’ हा शब्द पाहा. अभिधम्माच्या परंपरेत रूपकलाप म्हणजे जडाचा सर्वांत लहान पुंज, क्षणोक्षणी उपजणारा आणि लय पावणारा. त्यात किमान आठ घटक मानले आहेत: पृथ्वी, आप, तेज, वायू, वर्ण, गंध, रस आणि ओज. या आठांत शब्द, म्हणजे ध्वनी, नाही. तो नववा म्हणून कधी येतो, कधी येत नाही. बँडने हे नाव का घेतलं, यावर आम्ही तर्क करणार नाही. पण पवनीचा स्तूप ज्या जिल्ह्यात आहे, तिथल्या श्रोत्यांना यातला विचार परका वाटू नये. ध्वनी येण्याआधी वस्तू पुरी असावी लागते.

आता दुसरी बाजू. दिवाळीनंतर आपल्याकडे मंडई भरते. लाउडस्पीकर येण्याआधी दंडारीतल्या गड्याला शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोहोचवावाच लागे. त्याचा मोठा आवाज उथळ म्हणायचा का? ज्याच्याकडे आधीच कान वळलेले आहेत, त्यालाच हळू बोलणं परवडतं. ‘रॉक मशीन’ची वर्षं पाठीशी नसती, तर या दोघांच्या लाकडी गिटारी किती जणांनी थांबून ऐकल्या असत्या?

आणि ही मंडळी हळूच राहिली असंही नाही. २०१० मध्ये ‘इंडस क्रीड’ पुन्हा उभा राहिला, २०१२ मध्ये त्यांचा ‘इव्हॉल्व्ह’ हा अल्बम आला आणि वीज परत आली. काहींना ही माघार वाटेल. आम्हाला ती वाटत नाही. मौन पाळणारा माणूस कायमचं बोलणं सोडत नाही. पुन्हा बोलताना काय बोलायचं, ते तो तपासून घेतो.

भंडाऱ्यातही मुलं बँड काढतात, भजनी मंडळं मोठाले स्पीकर आणतात. त्यांना आम्ही आवाज बंद करा असं सांगणार नाही. एक संध्याकाळ तेवढी प्लग काढून तेच गाणं म्हणून पाहा. जे उरेल, ते तुमचं. मग आवाज हवा तेवढा वाढवा.