निजामशाहीचे दोन साक्षी

अहमदनगर व दौलताबाद या दोन किल्ल्यांच्या मधल्या मुलखात, गोदावरीच्या तीरी, पुणतांबे हे क्षेत्र आहे. तेथे चांगदेवांची समाधी आहे, एवढे बहुतेक वाचकांस ठाऊक असतेच. परंतु ज्या निजामशाहीने या मुलखावर इ. स. १४९० पासून १६३६ पर्यंत राज्य केले, तिच्या तवारिखा वाचू लागलो की आमच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो अशा गावांविषयीच. हे राज्य उभे राहिले ते कोणाच्या जिवावर, आणि बुडाले ते कशाने?

या घराण्याचे समकालीन साक्षी मुख्यत्वे दोन. सय्यद अली तबातबा याने दुसऱ्या बुऱ्हाणशहाच्या आश्रयास राहून ‘बुऱ्हान-इ-मआसिर’ लिहिला. मुहंमद कासीम फिरिश्ता याने विजापुरी दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या पदरी राहून आपला मोठा ग्रंथ रचला. पहिला अन्नदात्याचे गुणगान करतो, दुसरा सोडून आलेल्या दरबाराविषयी बोलतो. हा भेद विसरून दोघांस वाचणे धोक्याचे आहे.

मूळपुरुषाचीच गोष्ट घ्या. फिरिश्ता सांगतो की, अहमदशहाचा बाप मलिक हसन हा जन्माने ब्राह्मण, त्याचे कुळ पाथरीच्या कुलकर्ण्यांचे, आणि बहमनी सैन्याच्या हाती सापडून तो बाटला. तबातबास हे रुचत नाही. तो अहमदास थेट बहमनी सुलतानाचा पुत्र ठरवितो. आमच्या मते येथे फिरिश्ताचा पक्ष बळकट आहे. ते पाथरी गाव आपल्या हाती यावे म्हणून पहिल्या बुऱ्हाणाने वऱ्हाडच्या इमादशाहीशी युद्ध मांडले, ही गोष्ट राजवंशाच्या कल्पित वंशावळीने उलगडत नाही. पूर्वजांच्या वतनाच्या ओढीनेच उलगडते.

पण फिरिश्ताही निर्दोष नव्हे. इ. स. १५८८ मध्ये मीरान हुसेनाने आपल्या बापाचा, मुर्तजाशहाचा, वध केला, तेव्हा फिरिश्ता अहमदनगरच्या चाकरीत होता. पुढील वर्षी दक्षिणी पक्षाने परदेशी मुसलमानांची कत्तल केली आणि तो विजापुरास गेला. त्यामुळे या राज्याचा ऱ्हास त्याला राजवाड्याच्या आतच दिसतो: वेडसर राजा, पितृघाती पुत्र, भांडणारे सरदार. हे सारे खरे आहे. दक्षिणी-परदेशी वैराने घर पोखरले नसते, तर इ. स. १५९५ मध्ये मोगलांना आत बोलाविण्याची बुद्धी आपल्याच माणसांस झाली नसती, आणि चांदबिबीच्या शौर्यावर तिच्याच लोकांनी इ. स. १६०० मध्ये पाणी ओतले नसते. परंतु एवढ्याने प्रश्नाचा अर्धाच उलगडा होतो.

उरलेला अर्धा फिरिश्ता जाता जाता सांगून पुढे निघून जातो. अहमदशहाने इ. स. १४९४ मध्ये अहमदनगर वसविले ते जुन्नर व दौलताबाद यांच्या मधोमध, आणि हेतू हा की, दरसाल पीक हाती येण्याच्या वेळी फौज पाठवून दौलताबादचा मुलूख उजाड करावा. असे करता करता इ. स. १४९९ मध्ये दौलताबाद पडले. म्हणजे ज्या वैभवाचे दोन्ही ग्रंथकार कौतुक करतात, त्याचा पाया उभ्या पिकाच्या नाशावर घातला होता! ज्याचे शेत गेले, त्याचे काय झाले, हे विचारावयास एकासही सवड झाली नाही.

उलट पक्षी मलिक अंबराकडे पाहावे. राजधानी गेलेली, राजा नामधारी. तरी या हबशी वजिराने सुमारे पाव शतक मोगलांस थोपवून धरले, आणि इ. स. १६२४ मध्ये भातवडीस मोगल व आदिलशाही या दोघांच्या फौजा मोडल्या. मराठ्यांचा गनिमी कावा हे त्याचे एक कारण. जमिनीची प्रत व पीक पाहून धारा ठरविण्याची आणि मक्त्याने वसूल देण्याची चाल मोडण्याची त्याची व्यवस्था हे दुसरे. रयत जगली म्हणून फौज जगली. इ. स. १६२६ मध्ये तो वारला. मागोमाग १६३० च्या सुमारास भयंकर दुष्काळ आला. आणि शहाजीराजांनी पराकाष्ठा करूनही दहा वर्षांच्या आत राज्य संपले. तबातबाची लेखणी हा शेवटचा अंक सुरू होण्याआधीच थांबली होती, फिरिश्ताची त्याच्या आरंभी थांबली. भातवडीचे वर्णन वाचावयाचे तर आपणांस परमानंदाच्या संस्कृत ‘शिवभारता’कडे वळावे लागते.

निजामशाही ही केवळ शिवकालाची प्रस्तावना, असे समजून आमचे लेखक तिला चार ओळींत उरकतात. हा तिच्यावर अन्याय आहे आणि आपल्या समजुतीवरही. ती याच मातीतली होती, आणि राज्य कशाने टिकते याचा धडा तिच्याइतका स्पष्ट दुसरीकडे क्वचितच मिळेल. इ. स. २०१७ च्या १ जूनला शेतकऱ्यांचा संप सुरू झाला तो याच पुणतांब्यातून. त्या गावच्या वाचकाने या तवारिखा हाती घेतल्या, तर तो प्रथम पिकाविषयीच विचारील. इतिहासकारांनीही तेथूनच आरंभ करावा, असे आम्हांस वाटते.