घर्षणांकाचा एकच आकडा

शाळेच्या पुस्तकात घर्षणाच्या धड्यात एक ठोकळा असतो. उतरणीवर ठेवला की तो घसरतो किंवा जागीच राहतो, आणि काय होणार ते घर्षणांक ठरवतो. प्रसरणाचा धडा निराळा, त्यात रुळांमधल्या फटी येतात. हे दोन धडे एकमेकांना कधी भेटत नाहीत, ही आमची पहिली तक्रार.

इंग्लंडमधील ब्रिस्टल कॅथीड्रलच्या छपरावर १८५१ साली घातलेले शिशाचे पत्रे दोन वर्षांत सुमारे १८ इंच खाली सरकले. छपराचा उतार तर असा होता, की शिसे त्यावरून आपोआप घसरू नये. हेन्री मोझली यांनी १८५५ मध्ये याचे कारण मांडले. ऊन लागले की पत्रा पसरतो. खालची कड खाली ढकलायला वजनाची मदत होते, वरची कड वर ढकलायला त्याच वजनाचा विरोध. म्हणून सरकते ती मुख्यतः खालची. रात्री पत्रा आकसतो, तेव्हा त्याच न्यायाने वरची कड खाली ओढली जाते. ठोकळा घसरलाही नाही आणि जागीही राहिला नाही!

समुद्रतळावरचे तेलाचे नळ असेच वागतात. गरम तेल सुरू झाले की नळ लांबतो, उत्पादन थांबले की निवून आखडतो, आणि दर फेरीला थोडा पुढे जातो. इंजिनियर याला 'पाइपलाइन वॉकिंग' म्हणतात. तळ सपाट असला तरी हे घडू शकते, कारण नळ तापतो तो एका टोकाकडून क्रमाक्रमाने, निवतो मात्र जवळजवळ एकदमच. अशा शेकडो फेऱ्यांनंतर टोकाच्या जोडणीवर ताण येतो.

मुंबई हाय ते उरण हे अंतर सुमारे २०० किलोमीटर. इतका लांब नळ सबंध चालत नाही. दोन्ही टोकांकडून घर्षण साठत जाते आणि मधला भाग जखडून राहतो. (सलग वेल्ड केलेल्या लांब रुळांचेही तसेच.) चालतात ते काही किलोमीटरचे, आखूड आणि गरम नळ. ५ किलोमीटरचा पोलादी नळ ६० अंशांनी तापला, तर घर्षण नसताना तो सुमारे ३.६ मीटर लांबेल.

दर फेरीला नळ किती चालेल, याची सुटसुटीत सूत्रे कार, सिंक्लेअर आणि ब्रूटन यांनी २००६ साली ह्यूस्टनच्या परिषदेत मांडली. आमचा आक्षेप सूत्रांवर नाही. त्यांत जो घर्षणांक घालायचा, तो एकच ठरीव आकडा आहे असे धरण्यावर आहे. मऊ गाळावर नळ भरभर सरकला तर कणांमधल्या पाण्याला निसटायला वेळ मिळत नाही. भाराचा काही वाटा पाणीच उचलते आणि घर्षण कमी भरते. सावकाश सरकला तर पाणी निघून जाते, कण एकमेकांवर टेकतात, घर्षण वाढते. दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात गाळ आणखी घट्ट होतो, म्हणजे पहिल्या वर्षीचा आकडा पाचव्या वर्षी लागू पडेलच असे नाही. विदर्भातील शिक्षकांना हे नवे वाटू नये. आषाढातली काळी माती आणि मे महिन्यातली काळी माती एकच का?

शंका आली तर तुळई जाड घ्यावी, अशी सोयही इथे नाही. घर्षण कमी धरले तर नळ फार चालेल असे गणित सांगते. जास्त धरले तर नळ लांबू शकत नाही, आत दाब साठतो आणि तो बाजूला वाकण्याची भीती. सावध आकडा कोणता, हे कोणत्या धोक्याबद्दल विचारता त्यावर ठरते. म्हणून भाकित एका आकड्यात न देता मर्यादांमध्ये द्यावे, आणि नळ टाकल्यावर मोजमाप चालू ठेवून त्या मर्यादा सुधाराव्यात, असे आम्हाला वाटते.

वर्गात करून पाहायचे तर पसरट घमेल्यात काळ्या मातीचा चिखल घ्यावा. त्यावर वीट ठेवून ती ताणकाट्याने एकदा लगेच ओढावी. मग चिखल पुन्हा सारखा करून वीट रात्रभर तशीच राहू द्यावी आणि सकाळी ओढावी. दोन्ही नोंदी वहीत लिहून, 'घर्षणांक' या रकान्यात यांतली कोणती घालायची, हे विद्यार्थ्यांनाच विचारावे.