सपोर्ट संपला म्हणजे काय संपलं?

पुस्तकाची समीक्षा होते, नाटकाची होते. आज आपण एका यंत्राची समीक्षा करणार आहोत. कुठलं यंत्र? देवपुरात काय किंवा पांझरेपलीकडे आग्रा रोडला काय, टायपिंग आणि डीटीपीच्या जुन्या दुकानांत टेबलाखाली जो असेंबल केलेला पीसी असतो, तो. झाकण एका बाजूनं उघडं, पंख्याला धुळीची झालर, आणि आत विंडोज एक्सपी नाहीतर विंडोज सेव्हन. कंपनीच्या भाषेत हे 'सपोर्ट संपलेलं' यंत्र. हा शब्द किती खरा आहे, तो कुणाच्या सोयीचा आहे आणि त्याच्या आडून काय हरवतं, हे आपल्याला तपासायचं आहे.

आधी तारखा बघू. एक्सपी बाजारात आलं २००१च्या ऑक्टोबरात, त्याचा सपोर्ट संपला ८ एप्रिल २०१४ रोजी. विंडोज सेव्हनचा संपला १४ जानेवारी २०२० रोजी. विंडोज टेनचा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. त्या त्या दिवशी झालं काय? यंत्रात काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बटण दाबलं, तर पडदा आदल्या दिवशीसारखाच उजळला. बंद झालं ते एवढंच, की प्रणालीत सुरक्षेचं नवं भगदाड सापडलं तर कंपनी ते बुजवून देणार नाही.

या शब्दाचे आपल्याकडे दोन अर्थ लावले जातात आणि आमच्या मते दोन्ही चुकीचे आहेत. दुकानदार म्हणतो, "चालतंय ना? मग कशाला हात लावायचा?" विकणारा म्हणतो, "आता हे भंगार, नवीन घ्या." पहिला भगदाड विसरतो, दुसरा यंत्र विसरतो. २०१७च्या मे महिन्यातला वॉनाक्राय आठवा. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा तो किडा जगभर पसरला. तेव्हा एक्सपीचा सपोर्ट संपून तीन वर्षं झाली होती, तरी कंपनीनं त्याच्यासाठी तातडीची दुरुस्ती खुली केली. म्हणजे ती रेघ कंपनीला हवी तेव्हा ओलांडता येते. पण गोष्टीची दुसरी बाजूही बघा. त्या हल्ल्यात सापडलेली बहुतेक यंत्रं विंडोज सेव्हनवरची होती. सेव्हनला तेव्हा सपोर्ट चालू होता, दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, लोकांनी ती घेतली नव्हती. सपोर्ट असणं आणि सुरक्षित असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि आपलं घरचंही बोलू. कॉपी केलेल्या सीडीवरून विंडोज टाकायचं आणि लगेच अपडेट बंद करायचे, म्हणजे चोरी पकडली जाणार नाही, ही आपल्या बाजाराची रीत होती. अशा यंत्राचा सपोर्ट २०१४ साली संपला नाही, तो पहिल्या दिवसापासूनच नव्हता. त्याला सपोर्ट होता तो मिस्त्रीचा. कॅबिनेट एकाचं, मदरबोर्ड दुसऱ्याचा, एसएमपीएस तिसऱ्याचा, आणि हे सगळं कशाला कसं जोडलंय हे माहीत असणारा माणूस एकच. तो माणूस गाव सोडून गेला, की यंत्र खऱ्या अर्थानं पोरकं होतं.

आता बिघाडाकडे येऊ. अशा यंत्राचं काहीही अडलं की दोष जातो 'जुन्या विंडोज'वर. पण निदान करताना एक एक गोष्ट वेगळी काढावी लागते. तारीख रोज मागे जातेय? मदरबोर्डवरचा तीन व्होल्टचा सेल संपलाय. तारीख चुकली की सुरक्षित वेबसाइट उघडत नाहीत, कारण त्यांची प्रमाणपत्रं तारीख बघतात. गिऱ्हाईक म्हणतं विंडोज गेलं, आणि गेलेला असतो नाण्याएवढा सेल. मध्येच रीस्टार्ट होतंय? धुळ्याचा एप्रिल-मे आठवा. प्रोसेसरवरची पेस्ट वाळलेली, हीटसिंकमध्ये धूळ गच्च. नाहीतर बोर्डावरचे कपॅसिटर वर फुगलेले. बीप वाजतेय आणि पडदा काळा? रॅम काढा, सोनेरी दात रबरानं पुसा, परत बसवा. एसएमपीएस दुसरा लावून बघा. हे सगळं झाल्यावर जे उरतं, ते प्रणालीचं. उदाहरणार्थ, एक्सपीवरच्या जुन्या ब्राउझरला आजच्या वेबसाइटची कुलूपभाषाच येत नाही. तिथे सेल बदलून काही होत नाही. पण हा निष्कर्ष शेवटी यायला हवा, सुरुवातीला नाही.

अपग्रेडचंही तसंच. फिरत्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसवली, की सेव्हनचं यंत्र नवं झाल्यासारखं वाटतं, आणि ते खरंच असतं. एक्सपीला मात्र एसएसडीची भाषा नीट कळत नाही. कुठली जागा रिकामी झाली हे डिस्कला कळवण्याची सोय सेव्हनमध्ये आली, एक्सपीत ती नाही. नव्या बोर्डावर एक्सपीची सीडी लावली, तर निळा पडदा येतो, कारण डिस्क बोलते एएचसीआय पद्धतीनं आणि सीडीत तो ड्रायव्हरच नाही. बायोसमध्ये आयडीईची सोय असेल तर ती निवडा, मग चालतं. बत्तीस बिटांच्या एक्सपीत आठ जीबी रॅम घातली तरी चारच्या आतलीच वापरली जाते, वरचे पैसे पाण्यात. म्हणजे सुटा भाग चांगला आहे एवढ्यानं भागत नाही, तो या यंत्रात काय करणार हे बघावं लागतं.

विंडोज इलेव्हनच्या अटींबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. टीपीएमची, म्हणजे किल्ल्या सांभाळणाऱ्या चिपची अट बिनकारणाची नाही. सुरक्षेत तिचा उपयोग आहे. पण सातव्या पिढीपर्यंतचे जवळजवळ सगळे इंटेल प्रोसेसर यादीबाहेर ठेवले, तेव्हा अर्ज टाइप करणारं, पावत्या छापणारं, चांगलं चालणारं यंत्रही अपात्र ठरलं. यंत्र थकलंय म्हणून नव्हे, यादीत नाही म्हणून. पुढे त्याच कंपनीनं घरगुती वापराच्या विंडोज टेनला सुरक्षा-दुरुस्त्यांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव मुदत दिली. मग मूळ तारीख हा निसर्गनियम नव्हता, तो व्यवहाराचा निर्णय होता, एवढं तरी आपण ओळखावं.

इथपर्यंत जे बोललो ते लोखंड आणि प्रणालीबद्दल. पण ही जुनी यंत्रं दुकानदार सोडत का नाहीत? कंजूषपणा हे उत्तर अपुरं आहे. खरं उत्तर आहे मराठी.

या यंत्रांत पेजमेकर आहे आणि श्री-लिपी, आयएसएम, आकृती यांच्यापैकी काहीतरी आहे. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ची, तिला युनिकोड कळत नाही. या जुन्या फाँटांची युक्ती अशी होती: कॉम्प्युटरला वाटतं आपण इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं साठवतोय, आणि त्या चिन्हांच्या जागी फाँटात देवनागरीचे तुकडे काढून ठेवलेले. अर्धा थ एक तुकडा, काना दुसरा. पहिली वेलांटी कागदावर अक्षराच्या आधी दिसते, म्हणून फायलीतही आधीच बसते. प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा. छापून आलं तर सुंदर मराठी, फाँट काढला तर निरर्थक चिन्हांची रांगोळी. तेव्हा दुसरा मार्ग सोपाही नव्हता. एक्सपीत युनिकोड देवनागरी होती, र. कृ. जोशींनी घडवलेला मंगल फाँट होता, पण जोडाक्षरं नीट दिसावीत म्हणून कंट्रोल पॅनलमध्ये एक खूण करून सीडी घालावी लागे. ती खूण किती दुकानांत कुणी केली असेल?

आता इथे आपल्या मिस्त्रीच्या सगळ्यात लाडक्या उपायाची समीक्षा करू: "फॉरमॅट मारतो, डी ड्राइव्हला धक्का लागणार नाही." खरं आहे, डी ड्राइव्हला लागत नाही. पुस्तकं, लग्नपत्रिका, स्मरणिका, सगळ्या फायली शाबूत. पण फाँट असतात सी ड्राइव्हमध्ये, विंडोजच्या फोल्डरात. ते पुसले जातात. फाइल वाचली आणि मजकूर गेला! वर सॉफ्टवेअर चालवायला लागणारं हार्डवेअर लॉक, डोंगल ज्याला म्हणतात ते, जुनं असेल तर प्रिंटरच्या पंचवीस पिनांच्या पोर्टला लागतं, आणि नव्या बोर्डांना बहुधा तो पोर्टच नसतो. म्हणून दुकानदार यंत्राला हात लावू देत नाही. त्याची भीती अडाणीपणाची नाही.

हे धुळ्यात बोलताना एक विरोधाभास डोळ्यांपुढून हलत नाही. याच शहरात १९२७ पासून राजवाडे संशोधन मंडळ आहे. याच शहरात समर्थ वाग्देवता मंदिरात शंकर श्रीकृष्ण देवांनी जमवलेली रामदासी बाडं आहेत. मोडी शाळेतून गेली, म्हणजे तिचाही सपोर्ट संपलाच की. तरी मोडी शिकलेला माणूस शेकडो वर्षांचा कागद आज वाचतो. आणि २००४ साली टाइप केलेली फाइल वाचता येत नाही. कारण मोडीचा तक्ता माणसांच्या डोक्यात आणि पुस्तकांत आहे, तो कुणाच्या डोंगलमध्ये नाही. आणि ती बाडं टिकली, कारण नकला झाल्या. मठामठांत कुणीतरी बसून उतरवून घेत होतं.

म्हणून या यंत्राच्या दुरुस्तीचा क्रम आम्ही उलटा सांगतो. आधी नक्कल, मग निदान, मग अपग्रेड. संपूर्ण डिस्कची प्रतिमा काढा, सी आणि डी दोन्हींची. फाँटांचं फोल्डर वेगळं काढून ठेवा, आणि कुठल्या फायलीला कुठला फाँट याची यादी कागदावर लिहा. पीडीएफ काढून ठेवा, पण त्यावर विसंबू नका; पीडीएफमध्ये रूप टिकतं, शब्द शोधता येत नाही. यंत्र इंटरनेटवरून काढा, पेनड्राइव्ह आधी दुसरीकडे तपासा. यूएसबीचं लॉक असेल तर नव्या यंत्रात आभासी एक्सपी उभं करून बघा. आणि मग मजकूर युनिकोडमध्ये आणायला लागा.

हे शेवटचं काम बटण दाबून होत नाही. कन्व्हर्टर रफार आणि वेलांटी चुकीच्या अक्षरावर बसवतो. मराठीत शब्दकोश तपासून चूक पकडता तरी येते. अहिराणीत तीही सोय नाही, कारण स्पेलचेकला अहिराणी येत नाही. आपल्या भागातली अहिराणी गाणी, गोष्टी, छोटी पुस्तकं याच दुकानांतून छापली गेली. त्यांच्या फायली तपासायला अहिराणी बोलणारा माणूसच बसवावा लागेल, आणि आज तो आहे.

तर या यंत्रावर आमचा निकाल असा. लोखंड म्हणून ते अजून कामाचं आहे. इंटरनेटवर फिरायला ते लायक नाही. आणि भांडार म्हणून ते धोक्याचं आहे, कारण आतल्या मजकुराची एकच प्रत आहे आणि ती वाचायची किल्लीही एकच. ज्यांच्या दुकानात, संस्थेत किंवा घरी असं यंत्र आहे त्यांना विनंती एवढीच, की नव्या पीसीचं कोटेशन मागण्याआधी आणि फॉरमॅट मारण्याआधी त्यातल्या फाँटांची यादी करा. एका दुपारचं काम आहे.